एकाच लॅपटॉपवरून तीन-चार सोशल मीडिया खाती सतत लॉगआऊट न करता कशी सांभाळावीत? की मोबाइल ॲपच बरं? आणि पोस्ट आधीच लावून कशा ठेवायच्या?

ब्राउझरच बरा, आणि प्रत्येक खात्याला ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे ब्राउझरमधला वेगळा कप्पा. उत्तर एवढंच आहे. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, फोनवर सगळं होतं, लॅपटॉप कशाला उघडायचा. ते वाचून मला राहवलं नाही.

कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. आबा स्वतः कारागीर. मी दुकानाची बिलं आणि इन्स्टाग्राम-फेसबुक बघते. शिवाय वहिनीच्या केकच्या ऑर्डरींचं खातं आणि दादा ज्या तालमीचा कट्टर आहे तिच्या फुटबॉल संघाचं पान, हेही माझ्याकडेच. माझं स्वतःचं धरून चार.

२०२५ च्या मार्चपर्यंत ही खाती घरातल्या सगळ्यांच्या फोनांत होती. इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये एका वेळी अनेक खाती ठेवता येतात, खालच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट दाबून धरलं की खातं बदलतं. दादाला याचं फार कौतुक होतं. "बघ, एका बोटात काम." मला त्या एका बोटाचीच भीती वाटायची. वर्षभर सांगत होते की दुकानाचं खातं वेगळं काढू, संगणकावर ठेवू. तो म्हणायचा, "फोनात सगळं हुतंय की. त्या डबड्यापुढं बसून तू काय येगळं करतीस?"

मार्चमध्ये शाहू स्टेडियमवर सामना होता. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, इथं पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि सामना हरला की आमच्या घरात त्या रात्री टीव्ही लागत नाही. त्या दिवशी हरलो होतो. संध्याकाळी समोरच्या संघाच्या विजयाच्या व्हिडिओखाली एक कॉमेंट पडली. शब्द इथं लिहिणार नाही, त्यांच्या गोलकीपरच्या आईचा त्यात उल्लेख होता. आणि ती पडली होती आमच्या दुकानाच्या नावानं. शेजारी गोल फोटोत आबांनी शिवलेली कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार.

दहा मिनिटांत ती उडवली. तोवर स्क्रीनशॉट पेठभर फिरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेठेतले एक काका आले. वीसेक वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची कापशी अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची वादी) बदलायला टाकलेली होती, जुना अंगठा उसवून ठेवला होता, नवीन अजून बसवायचा होता. ते म्हणाले, "आबा, अंगठा ऱ्हाऊ दे. हाय तशी द्या." आबांनी काही विचारलं नाही. दोन्ही पायताणं वर्तमानपत्रात गुंडाळली, उसवलेला अंगठा वेगळ्या कागदात बांधला आणि दिली. पैसे घेतले नाहीत. मी काउंटरवर उभी होते.

रात्री जेवताना दादा सगळ्यांपुढं म्हणाला, "खातं तू बघतीस नव्हं?" झालं. आईसुद्धा माझ्याकडं बघायला लागली. ती कॉमेंट पडली तेव्हा मी दुकानात एका बाईंना मापं दाखवत होते, फोन गल्ल्याच्या खणात होता. पण खातं 'मी बघते' म्हणजे पाप माझं, असा हिशेब. तीन दिवस मी आबांच्या नजरेला नजर दिली नाही.

चौथ्या दिवशी मी इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन, पासवर्ड आणि सुरक्षा या भागात खातं कुठं कुठं लॉगिन आहे ती यादी काढली. पाच उपकरणं निघाली. चार आमच्या घरातली. पाचवा फोन आमच्यात कुणाकडंच नव्हता. दादानं मॉडेलचं नाव वाचलं आणि गप्प झाला. तो त्याच्या मित्राचा फोन होता. दिवाळीत सवलतीचा व्हिडिओ टाकून देतो म्हणाला म्हणून दादानं त्याला पासवर्ड दिला होता, तो तसाच राहिला. कॉमेंट त्याच फोनवरून पडली असं छातीठोक सांगणारं काही त्या यादीत नसतं, फक्त कोण आत आहे तेवढं कळतं. पण दादा उठून मित्राकडं गेला आणि परत आल्यावर त्यानं तो विषय काढला नाही. 'तू नव्हतीस' हे वाक्य मात्र त्यानं अजून म्हटलेलं नाही.

तर आता तुमचं काम. मी आधी तुमच्यासारखंच लॉगआऊट-लॉगिन करून बघितलं. मग कुणीतरी इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो, सुचवली. नेहमीच्या विंडोत दुकान, इनकॉग्निटोत केक, इथवर ठीक चाललं. संघाच्या खात्यासाठी दुसरी इनकॉग्निटो उघडली तर तिथंही केकच. कारण साधं आहे. लॉगिन केलं की साइट ब्राउझरला खुणेची चिठ्ठी देते, तिलाच कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती चिठ्ठी बघून साइट तुम्हाला ओळखते. क्रोममधल्या सगळ्या इनकॉग्निटो विंडो मिळून चिठ्ठ्यांचा एकच डबा वापरतात आणि शेवटची विंडो बंद झाली की डबा रिकामा. मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी, आणि ओटीपी जाणार दादाच्या फोनवर. दादा ग्राउंडवर.

प्रोफाइलचं तसं नाही. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करा, नवीन प्रोफाइल जोडा. त्याच्या कुकीज वेगळ्या, साठवलेले पासवर्ड वेगळे, बुकमार्क वेगळे. दुकान एका प्रोफाइलमध्ये, केक दुसऱ्यात, संघ तिसऱ्यात. एकदा लॉगिन केलं की महिनोन्महिने बघायला नको. प्रत्येकाला रंग द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या दुकानाची विंडो चामड्याच्या रंगाची आहे, केकची गुलाबी, संघाची संघाच्या रंगाची (तो सांगत नाही, कोल्हापूरकर लगेच ओळखतील). रंग बघितल्याशिवाय एंटर दाबायचं नाही, हा माझा नियम. फायरफॉक्सवाल्यांसाठी मल्टी-अकाऊंट कंटेनर्स नावाचं मोझिलाचंच (फायरफॉक्स बनवणाऱ्यांचंच) एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आहे, त्यात एकाच विंडोत वेगवेगळ्या रंगांचे टॅब करून हेच साधतं. मी ते वापरून सोडलं. टॅब शेजारी शेजारी आले की घाईत चूक होते, वेगळी विंडो असली की हात थांबतो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या वेबसाइटवरही खातं बदलायचं बटण आहे. ते वापरू नका, परत तोच एका बोटाचा खेळ.

एक प्रवाद अजून चालू आहे की संगणकावरून इन्स्टाग्रामवर फोटो टाकता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून येतो. चार वर्षं होऊन गेली, तरी दादा मला हेच कारण देत होता.

संगणकाचं काय वेगळं, हे त्याला जूनमध्ये कळायला हवं होतं. जून २०२५ च्या अखेरीस मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली वस्तू, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मग देशभर गदारोळ झाला, नंतर कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून या चपलांमागची प्रेरणा मान्य केली. तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. आमच्याकडं एरवी दिवसाला दहा-बारा मेसेज यायचे, त्या आठवड्यात एका सकाळी तीनशेच्या वर होते. पुणे, बंगळुरू, दुबई, जर्मनी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'ओरिजिनल आहे का' आणि दुसरा 'माझा नंबर आठ आहे, बसेल का'.

कोल्हापुरीला नुसता नंबर सांगून भागत नाही, पायाचा पंजा रुंद आहे की अरुंद ते बघावं लागतं. म्हणून आम्ही सांगतो, कोऱ्या कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ मारा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. असे कागद आले दीडशेच्या वर. कुणाच्या रेघेत अंगठ्याचं नख वळलेलं दिसायचं, एका आजींनी दोन्ही पाय काढून त्यावर 'डावा जरा मोठा आहे' असं लिहून पाठवलं होतं. मेटा बिझनेस सूट या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्याच साधनात फेसबुकचे आणि इन्स्टाग्रामचे मेसेज एका रांगेत दिसतात. डावीकडं रांग, उजवीकडं ऑर्डरची शीट, प्रत्येक कागदाचा फोटो गिऱ्हाइकाच्या नावानं फोल्डरमध्ये. उत्तरं पूर्ण कीबोर्डवर मराठीत टाइप करत होते. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा) कीबोर्ड आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. आबा मागं उभे राहून एकेक पाऊल मोठं करून बघायचे आणि 'ह्यास्नी रुंद पट्टा' म्हणायचे. हे फोनच्या टीचभर पडद्यावर करून दाखवा.

त्याच आठवड्यात एक मेसेज आला की तुमच्या पानानं नियम मोडलाय, २४ तासांत अपील करा नाहीतर पान बंद. खाली लिंक. पान हुबेहूब फेसबुकसारखं उघडलं. पण माझा साठवलेला पासवर्ड क्रोमनं आपणहून भरला नाही. मी वरचा पत्ता वाचला तर तो फेसबुकचा नव्हताच. ब्राउझर पासवर्ड त्याच पत्त्यावर पुढं करतो जिथं तो साठवलाय. फोनवर मेसेजमधूनच लिंक उघडली असती तर गर्दीत पत्ता वाचायचं माझ्या लक्षातही आलं नसतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही फोन कपाटात टाकाल. स्टोरीला गाणं लावायचं, रील कापायची, लाइव्ह जायचं, हे फोनवरच बरं होतं. व्हॉट्सॲप वेबला मूळ फोन लागतो, तो १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात. क्रोमच्या प्रोफाइलला एकमेकांपासून कुलूप नसतं. संगणकासमोर जो बसेल तो कुठलंही उघडू शकतो, म्हणून विंडोजला पासवर्ड हवाच. आणि एक्स्टेंशन जपून टाका. २०२३ च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीच्या नावानं आलेलं एक बनावट एक्स्टेंशन फेसबुकच्या कुकीज चोरत होतं; चिठ्ठीच चोरली की पासवर्ड लागतच नाही. माझ्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेंशन नाही. संगणक जुना असेल तर तेही बघा. आमचा विंडोज ७ वर होता, त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यापुढं सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. नवा घ्यायला मी माझ्या पगारातले पैसे घातले, कारण दादाच्या मते तो खर्च उगाचचा होता.

घरच्यांचं काय करायचं, तर पासवर्ड कुणालाही देऊ नका. भाऊ असो, नवरा असो. फेसबुकच्या पानावर माणसागणिक परवानगी देता येते, मेसेज बघणं वेगळं, पोस्ट करणं वेगळं, पूर्ण ताबा वेगळा. इन्स्टाग्राम त्या पानाला जोडलेलं असलं की परवानगी दिलेला माणूस इन्स्टाग्रामचे मेसेजही बिझनेस सूटमधून बघून उत्तर देऊ शकतो, त्याला इन्स्टाग्रामचा पासवर्ड लागत नाही. दादाला मी मेसेजपुरतीच परवानगी दिली आहे. तो चिडला. "घरच्या दुकानात मला परवानगी?" म्हणाला. मी म्हटलं, "दादा, आबांनी त्या दिवशी अंगठा कागदात बांधून दिला तेव्हा तू दुकानात नव्हतास."

पोस्ट आधी लावून ठेवायचं तुम्ही विचारलंय, तेही बिझनेस सूटमध्येच आहे, शोधलं की सापडेल. प्रोफाइल उद्या करा हवं तर. पण लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी आज रात्रीच काढा आणि ओळखीचं नसेल ते तिथूनच लॉगआऊट करा, मग पासवर्ड बदला. आमच्या यादीत आता दोनच आहेत, दुकानातला संगणक आणि माझा फोन.