मातीचं डोकं समोरून बरं, बाजूने सपाट: जरा लांबलचक उत्तर

तुमची पोस्ट वाचली. गेम आर्टचं पहिलं वर्ष, ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला ए ग्रेड, झेडब्रशवर (कॉम्प्युटरवर शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर) हात बसलाय, तरी शाडूचं डोकं समोरून बरं आणि बाजूने पाटासारखं सपाट. त्यात रात्रीतून मान खचते. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. माती भिजवणं, मळणं, ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी मानेचं बघू, ते सोपं आहे. तुमच्या फोटोत नुसता गुळगुळीत पाइप दिसतोय. ओली माती त्यावरून घसरणारच, तिला धरायला आत काही नाही. १८ मिमी प्लायचा ३० बाय ३० सेंमीचा तुकडा घ्या, खाली दोन पट्ट्या ठोका आणि वरून ऑइल पेंटचा हात मारा, नाहीतर प्लाय पाणी पिऊन वाकतो. त्यावर फ्लॅंज (पाइप उभा धरणारी, स्क्रूने बसवायची लोखंडी चकती) आणि अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. पाइपचं वरचं टोक कानाच्या पातळीला संपवा. टोकाला ३ मिमी ॲल्युमिनियम तारेची दोन कडी एकमेकांना आडवी बांधा आणि पाइपवर तार वेटोळ्यांनी घट्ट गुंडाळा. कड्यांतून बारीक तांब्याच्या तारेने फुलपाखरं सोडा, म्हणजे तीन-तीन सेंमीच्या दोन काड्यांची बांधलेली फुली. मातीचं वजन या फुल्यांवर तोललं जातं. साधी लोखंडी तार नको, ओल्या मातीत गंजते. तार पृष्ठभागापासून निदान दीड सेंमी आत हवी. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, त्यामुळे वर आलेल्या तारेच्या रेषेतच तडा जातो. हे सगळं सामान पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत मिळतं, प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये.

माप निम्मं ठेवा. निम्म्या मापाला माती निम्मी नाही, आठवा भाग लागते. मानेसकट दोनेक किलोत काम होतं. पूर्ण मापाला पंधराच्या आसपास जाईल आणि भाड्याच्या खोलीत ते ओझं रोज हलवणं होत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याला समोरून काढलेला एकच फोटो अपलोड करायचा आणि त्यावरच मार्क. सगळं पाणी इथेच मुरतंय. मी जिथे शिकलो त्या संस्थेचं नाव घेत नाही, पण तिथल्या परीक्षा विभागाचा हाच नियम होता. बाजूचे फोटो जोडले की सबमिशन परत यायचं, कारण विचारलं तर ‘फॉरमॅटमध्ये बसत नाही’. मग सगळा वर्ग डोळे आणि ओठ घोटत बसायचा, कारण फोटोत तेवढंच दिसायचं. कवटीचा मागचा भाग कोणी बघतच नव्हतं. शिल्पाचा विषय शिकवायचा आणि तपासायचा मात्र चित्र म्हणून, याचा मला आजही राग आहे. वर्षभराचे मार्क चांगले असलेली मुलं टर्नटेबल, म्हणजे चारही बाजूंनी फिरणारं मॉडेल, दाखवायची वेळ आली की अडकत होती. तुमच्या परीक्षकांना हवा तो फोटो देऊन टाका, वाद घालण्यात वेळ घालवू नका. पण स्वतःसाठी दर बैठकीनंतर ४५ अंशांवर एक असे आठ फोटो आणि एक वरून, असे नऊ काढाच. मोबाइल दोन-तीन मीटर लांब धरा आणि झूम करा. जवळून काढला तर नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता.

तो वरून काढलेला फोटो सर्वांत कामाचा. टाळूवरून खाली बघा. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा पुढे असतो, कानाकडचा बराच मागे. ओठांचंही तसंच, मधला भाग पुढे आणि कोपरे मागे, कारण खाली दातांची कमान आहे. तुमच्या डोक्यात दोन्ही डोळे आणि तोंड एकाच पातळीवर ठेवलेत, म्हणून बाजूने बघताना डोळा पूर्ण बदामी दिसतो. बाजूने तो आडव्या व्ही अक्षरासारखा दिसायला हवा. यावर उपाय डोळे पुन्हा करणं नाही. डोळे खरवडून टाका, गालाच्या हाडापासून कानापर्यंतची बाजू मागे वळवा आणि मगच खोबणी करा.

कामाचा क्रमही उलटा करा, बाजूपासून सुरुवात. हनुवटी ते टाळू ही उंची धरली तर कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंतची खोली तिच्या सात-अष्टमांशाच्या आसपास येते. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या ही खोली कमी ठेवतो, तुमचीही कमीच आहे. कान बाजूच्या मध्यरेषेच्या मागे येतो. मान सरळ उभी नसते, खालून वर जाताना पुढे झुकते. ही मापं कॅलिपरने (दोन पायांचं, अंतर मोजायचं साधन) घ्या, अंदाजाने नको. नाक-डोळे येईपर्यंत हातात फक्त लाकडी पट्टी. पट्टीने थोपटून सपाट पातळ्या काढा: कपाळाची पुढची, दोन बाजूच्या, गालाच्या हाडाखालची. बोटाने किंवा ओल्या ब्रशने गुळगुळीत करायचा मोह आवरा, त्याने पातळ्या पुसल्या जातात आणि वर साचलेला पातळ थर सुकताना भेगाळतो.

‘झेडब्रश येतो तर माती कशाला’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. नॉर्मल मॅप, म्हणजे बारकाव्यांचा भास देणारं मॉडेलवर चढवलेलं चित्र, पृष्ठभागावरची छाया बदलतो, बाह्यरेषा बदलत नाही. लो पॉलीमध्ये, म्हणजे गेममध्ये जाणाऱ्या हलक्या मॉडेलमध्ये, कवटी सपाट असेल तर कितीही बारकावे त्या मॅपमध्ये उतरवा (बेक करा), कॅमेरा फिरला की सपाटच दिसणार. झेडब्रशमध्ये सिमेट्री चालू, पर्स्पेक्टिव्ह बंद आणि मॉडेल समोरून, अशा बैठकीत ही चूक लपून राहते. पर्स्पेक्टिव्ह चालू ठेवा, अधूनमधून फ्लॅट कलर मटेरियल लावून फक्त बाह्यरेषा बघा आणि खालच्या सबडिव्हिजनवर (मॉडेलच्या कमी बारकाव्याच्या पायरीवर) जितकं थांबता येईल तितकं थांबा. (मी कॅरेक्टरचं काम करतो. एन्व्हायर्नमेंटकडे जायचं असेल तर यातलं काही तुम्हाला जास्त वाटेल.)

ड्रॉइंगचा रोग तोच आहे. ग्रेडच्या परीक्षांची तयारी एका जागी बसून, समोरची मांडणी बघून होते. ती सवय वाईट नाही, पण अपुरी आहे. तुमचंच मातीचं डोकं फिरत्या चाकावर ठेवून आठ बाजूंनी काढा, प्रत्येकी दहा मिनिटं, चारकोल किंवा ४बी पेन्सिल, साधा न्यूजप्रिंट कागद. चेहऱ्याला वेढणाऱ्या आडव्या रेषा काढा. रेषा कुठे वळवायची हे कळलं नाही तर त्या जागी मातीतही गडबड आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग बाहेर पडा. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात गोल नंदीमंडप आहे. त्याच्याभोवती फिरत चार ठिकाणांहून काढा, वर्तुळ पर्स्पेक्टिव्हमध्ये कसं चपटं होतं ते पक्कं बसेल. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा आहे. परवानगी काढून आत जा आणि घोडा मागून तिरका काढा, समोरून नको. मांडीचं वजन कसं तोललंय ते मागूनच कळतं. सुट्टीत अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पसंग्रहालय बघा. तिथे शिल्पांच्या जवळ जाता येतं.

शेवटचं, प्लास्टरबद्दल विचारलंत म्हणून. साचा काढायची घाई करू नका, पण काढलाच तर पाण्यात प्लास्टर भुरभुरा, प्लास्टरवर पाणी ओतू नका, गुठळ्या होतात. प्लास्टरचे कण मातीच्या बादलीत पडू देऊ नका, ती माती पुढे हाताला खडबडीत लागते. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइपमध्ये घट्ट होतं. जुन्या प्लास्टिकच्या डब्यात राहू द्या, सुकलं की डबा दाबून तुकडे काढा आणि सुक्या कचऱ्यात टाका.