अल्ट्रासाऊंडच्या मशीनने तूप रवाळ आणि बेकरीचं फॅट घट्ट होतं का? धुळ्यात छोटी बेकरी आहे, विक्रेता मागे लागलाय, घ्यावं का?

फॅट घट्ट होतं. तूप रवाळ होत नाही, उलट असलेला रवा बारीक होतो. विक्रेत्याने दोन्ही एका दमात सांगितलं असेल तर त्याने स्वतः कधी डबा उघडून बघितलेला नाही.

इतकं ठासून सांगतेय, कारण या रव्यापायी माझं आणि सासऱ्यांचं सहा वर्षं वाजतंय. अमळनेरला आमचा तुपाचा धंदा. मी जळगावला ऑइल टेक्नॉलॉजी शिकून या घरात आले. आबांचं म्हणणं एकच: रवा पडला तर तूप खरं, नाही पडला तर भेसळ.

लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत सराफाकडे दिलेल्या मैत्रिणीकडून मी दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन उसनं आणलं. पाण्याची स्टीलची टाकी, तळातून कंपनं, आवाज असा की दातांत शिरतो. एकाच कढईतलं म्हशीचं तूप दोन डब्यांत ओतलं. एक डबा आबांच्या पद्धतीने गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. दुसरा 30 अंशांच्या आसपास उतरू दिला आणि तुपावर पहिली धुरकट झाक दिसली तसा मशीनच्या पाण्यात उभा केला. थोडं चालू, थोडं बंद, असं करत राहिले.

सकाळी गोणपाटातल्या डब्यात ज्वारीच्या कण्यांएवढा रवा खाली बसलेला आणि वर बोटभर नितळ पिवळं तेल. माझ्या डब्यात तेलाचा थेंबही वेगळा नाही. पांढुरकं, चक्क्यासारखं, उलथण्याने कापलं तर कड उभी राहिली. मी हरखून गेले. आबांनी चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळलं आणि विचारलं, "माय, हाई तूप शे का डालडा?"

मी हट्टाला पेटले आणि तोच डबा एका लग्नाच्या ऑर्डरीत घातला. वरण-बट्टीची पंगत होती. आचाऱ्याने झाकण काढून बोट फिरवलं, रवा लागेना, आणि डबा भरल्या मांडवातून परत आला. मी तूप तपासून आणलं. आरएम व्हॅल्यू (दुधाच्या स्निग्धाची ओळख पटवणारा आकडा) पास, तीळतेलाच्या चाचणीत रंग नाही. (वनस्पती तुपात, म्हणजे डालड्यात, 5 टक्के तिळाचं तेल घालायला कायद्याने लावायचे ते याचसाठी, तुपात मिसळलं तर लाल रंग देऊन पकडलं जावं म्हणून.) आबांनी कागद बघितलाही नाही. "कोनी कागद चाटस का?"

झालं होतं एवढंच. कंपनांनी पातळ तुपात बारीक बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. त्या धक्क्याने स्निग्धाचे कण एकाच वेळी असंख्य ठिकाणी धरू लागतात. स्निग्ध तेवढंच, वाटेकरी हजारपट, मग प्रत्येक कण बारीक राहणार. बारीक कण तेल धरून ठेवतात, म्हणून घट्ट. उजेड जास्त पसरवतात, म्हणून पांढरं. रवा हवा असेल तर उलट करायचं: कण मोजके धरू द्यायचे, डबा हलवायचा नाही, सावकाश निववायचं. आबांचं गोणपाट तेच करतं. म्हशीला सरकीची पेंड असेल तर तूप आणखी कडक येतं. यात शुद्धतेचा संबंध कुठे आला? ज्या अमळनेरात 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, वनस्पती काढायला उभी राहिली, तिथल्या माणसाने तरी रव्यावर शपथ घेऊ नये. वनस्पतीलाही तुपासारखं दिसावं म्हणून सावकाश थंड करून मुद्दाम रवा पाडत.

आता तुमची बेकरी. तुम्हाला बारीक कणच हवेत, हवा तेच धरतात आणि खारीचे पदर त्यांनीच सुटतात. 2022 पासून ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के झाली. तेलात हायड्रोजन अर्धवट जिरवून फॅट कडक करताना ट्रान्स फॅट तयार होतं, त्यामुळे ती जुनी वाट बंद झाली, आणि ट्रान्सविना फॅट घट्ट करायला अल्ट्रासाऊंड कामाचं आहे. अमेरिकेत युटा स्टेट युनिव्हर्सिटीत सिल्वाना मार्टिनी यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. पण हे फॅट बनवणाऱ्याचं मशीन आहे, फॅटचे डबे विकत आणणाऱ्याचं नाही. तुम्ही बनवलेला डबा आणता, तो परत वितळवून कंपनं कशाला देणार? पातळ झालेलं फॅट बर्फाच्या पाण्यात परात ठेवून घोटत निववा, बराचसा पोत तिथेच मिळतो. मी तरी पैसे घालणार नाही.

हो, माझं मशीन दागिन्यांचं होतं, बहुतेक सेकंदाला 40 हजार कंपनांचं आणि मवाळ. फॅटसाठीचा प्रोब, म्हणजे कंपनं देणारी धातूची दांडी, सेकंदाला 20 हजारांचा असतो आणि थेट फॅटमध्ये बुडतो. तो काही सेकंदच लावायचा, तेही कण धरायच्या बेतात असताना. गरम फॅटला लावून काही होत नाही, आणि जास्त वेळ लावला तर उष्णतेने धरलेले कण वितळतात, वर धातूसारखा वास येतो. कान झाका. आणि मेमध्ये 44 अंशांत डेमो घेऊ नका, तेव्हा डब्यात कणच नसतात.

डेमो घ्यायचाच तर एकाच फॅटचे दोन डबे भरा, मशीन एकालाच लावा आणि दोन्ही रात्रभर शेजारी ठेवा. सकाळी झाकणं काढताना घरातलं रव्यावर अडून बसणारं माणूस हजर असू द्या. आमच्याकडचं हजर होतं, आणि अजून डालडाच म्हणतं.