वजनदार सायकलस्वाराने रोड बाईकसाठी कोणती चाके घ्यावीत?

प्रश्न असा आहे: “माझे वजन १०५ किलो आहे. रोड बाईकसोबत आलेली चाके बदलून त्याहून चांगली घ्यायची आहेत. कार्बनची घ्यावीत की अ‍ॅल्युमिनियमची, किती स्पोकची घ्यावीत, की आधी वजन कमी करून मगच पैसे घालावेत?”

प्रश्नातल्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते, कारण तो भाग तुम्हाला कोणीतरी ऐकवलेला आहे अशी माझी खात्री आहे. वजन कमी होण्याची वाट पाहू नका. सायकल तुम्हाला आज चालवायची आहे, तर चाकही आजच्या वजनाला पेलणारे हवे. मी रोड बाईक चालवायला लागले तेव्हा माझे वजन ९८ किलो होते आणि आजही हलक्या सायकलस्वारांत माझी गणना होत नाही, त्यामुळे हा सल्ला मी पुष्कळ ऐकला आहे आणि तो चाकांविषयीचा सल्ला नसतो हे मला पुरते कळून चुकले आहे.

१०५ किलोसाठी माझे मत सरळ आहे. मागे ३२ स्पोक, पुढे २८; अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची, २५ ते ३० मिलिमीटर खोलीची आणि आतून निदान १९ मिलिमीटर रुंद रिम (चाकाची बाहेरची कडी); दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक असे २.०/१.८/२.० मापाचे स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट), आणि हे सगळे हाताने बांधून, प्रत्येक स्पोकचा ताण मोजून देणारा कारागीर. यातली शेवटची गोष्ट मिळाली नाही तर आधीच्या सगळ्यांचा उपयोग निम्मा होतो, आणि तसे मी का म्हणते ते सांगायला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

माझ्या सायकलला मी हौसेने हलकी, कारखान्यातून तयार येणारी चाके बसवली होती. पुढे २० आणि मागे २४ स्पोकची. सायकल, स्वार आणि सामान मिळून १२० किलोंची मर्यादा त्यांवर दिलेली होती आणि माझे सगळे मिळून त्या मर्यादेच्या आत बसत होते. गटासोबत एका लांब चढावर असताना मागच्या चाकाचा डावीकडचा एक स्पोक तुटला, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) फ्लँजपाशी, म्हणजे स्पोक अडकवायच्या कडेपाशी, जिथे तो वळतो नेमका तिथे. चाक इतके आऊट, म्हणजे वाकडे, झाले की रिम दर फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला घासू लागली. मी ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) सैल केला, तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळला आणि चढ पूर्ण केला. वर थांबलेल्या मंडळींत आमच्या गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ होते, ज्यांचा शब्द सगळे मानत असत आणि ज्यांचे वजन ६२ किलो होते. त्यांनी चाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. “आधी वजन उतरवा ताई, चाके आपोआप टिकतील,” असे ते सर्वांसमोर म्हणाले.

दुकानात स्पोक बदलून आणि आऊट काढून चाक परत मिळाले. काही आठवड्यांनी त्याच बाजूचा दुसरा स्पोक गेला, पुन्हा तो बदलून आऊट काढला, आणि पुढे हाच क्रम चालू राहिला. दर वेळी बिलासोबत वजनाविषयीचा सल्लाही मिळत होता. शेवटी मी ते चाक हाताने चाके बांधणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेले.

काकांनी टायर-ट्यूब उतरवून चाक स्टँडवर चढवले, फिरवले आणि रिम अगदी सरळ फिरत असल्याचे मला दाखवले. मग त्यांनी डाव्या बाजूचे स्पोक एकेक करून बोटाने छेडायला सुरुवात केली. एक खणखणीत वाजला, त्याच्या पुढचा मंद वाजला, आणि त्यापुढच्याचा नुसता खुळखुळ आवाज आला. टेन्शन मीटर लावल्यावर असे दिसले की त्या तिसऱ्या स्पोकवर शेजारच्याच्या जेमतेम एक तृतीयांश ताण होता. एक स्पोक फार ढिला आणि त्याच्या आजूबाजूचे फार ओढलेले असले, तरी त्यांची ओढ एकमेकींना सावरून रिम सरळ राहू शकते. दुकानात दर वेळी रिम सरळ केली जात होती; ताण कोणी सारखा करत नव्हते.

स्पोक नेमका कशाने तुटतो हे मला त्या दिवशी समजले. चाकातला प्रत्येक स्पोक आधीपासूनच रिमला हबकडे ओढत असतो. मागच्या चाकात कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूला हा ताण साधारण १०० ते १२० किलोंच्या आसपास ठेवतात. चाकावर भार आला की जमिनीजवळचा रिमचा भाग किंचित दबतो आणि तिथल्या मोजक्या स्पोकचा ताण उतरतो. बाकीच्या स्पोकच्या ताणात फारसा फरक पडत नाही. चाक फिरते तसा प्रत्येक स्पोक खाली येताना सैल होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये हे प्रत्येक स्पोकच्या बाबतीत जवळजवळ ४७५ वेळा घडते. या रोजच्या ताणण्या-सोडण्याने पोलाद थकते आणि एके दिवशी साध्या रस्त्यावरसुद्धा स्पोक तुटतो. सुरुवातीचा ताण पुरेसा असेल तर स्पोक खाली आला तरी पूर्ण ढिला पडत नाही. तो कमी असेल तर मात्र स्पोक दर फेऱ्याला पूर्ण सैल होतो, त्याचे डोके फ्लँजच्या भोकात हलते, निपल हळूहळू उलटा फिरतो आणि ताण आणखी उतरतो.

मागच्या चाकात डावी बाजू मुळातच दुबळी असते. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबचा उजवा फ्लँज मध्याकडे सरकवलेला असतो. त्यामुळे रिम मधोमध राखायची तर डाव्या स्पोकवर उजव्याच्या निम्म्याच्या आसपासच ताण देता येतो. उजवीकडे वाटेल तितके ओढून डावीकडचा ताण वाढवावा म्हटले, तर रिमच्या निपलच्या भोकांपाशी तडे जातात. म्हणूनच ज्या रिममध्ये स्पोकची भोके मध्यापासून एका बाजूला सरकवलेली असतात ती रिम वजनदार माणसासाठी फार उपयोगाची आहे. तिच्यामुळे दोन्ही बाजूंच्या ताणातले अंतर बरेच कमी होते. मध्ये बारीक असलेला स्पोकही याच कारणाने घ्यावा. जाड स्पोक जास्त टिकेल असे वाटणे साहजिक आहे, परंतु बारीक स्पोक तेवढ्याच ताणाला अधिक लांबतो, रिम दबली तरी ओढ धरून राहतो आणि भार शेजाऱ्यांतही वाटला जातो. एकाच जाडीचे सरळ स्पोक वजनदार माणसाच्या गळ्यात मारणारे दुकानदार मला अजूनही भेटतात आणि त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

काकांनी डावीकडचे सगळे स्पोक नवे घातले, कारण जे अजून तुटले नव्हते तेही थकलेले होते. सगळा ताण थोडा थोडा करून चढवला. मग समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांच्या मुठीत धरून त्यांनी जोर लावून आवळल्या. आवळताना चाकातून टण् टण् असे आवाज येत होते. निपल फिरवताना पिळला गेलेला स्पोक असा सुटा होतो आणि वळणापाशी अडकून राहिलेला ताणही या आवळण्याने मोकळा होतो. त्यानंतर पुन्हा मोजणी, पुन्हा थोडी दुरुस्ती, पुन्हा आवळणे. कारखान्यातून आलेल्या कित्येक चाकांच्या वाट्याला हे काम पुरेसे येत नाही. चाक तेच होते, रिम तीच होती, माझे वजनही तेच होते, आणि त्या चाकाचा स्पोक त्यानंतर तुटला नाही. पुढे मी त्यांच्याकडूनच ३२ स्पोकचे चाक बांधून घेतले आणि स्पोकची चावी हातात धरायलाही त्यांच्याकडेच शिकले.

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांविषयी. त्यांनीही पुढे तयार हलकी चाके घेतली आणि त्यांच्याही मागच्या चाकाचा डावीकडचा स्पोक तुटला, तोही वळणापाशीच. “पार्ट खराब निघाला,” असे ते म्हणाले आणि गटातल्या सगळ्यांनी मान डोलावली. त्यांच्या बाबतीत दोष चाकाचा ठरला आणि माझ्या बाबतीत माझ्या शरीराचा. ६२ किलोंच्या माणसाखाली जे चाक तुटते त्याची तपासणी होते, मग ९८ किलोंच्या बाईखाली तुटते त्याचीही झाली पाहिजे, एवढेच माझे तेव्हाही म्हणणे होते.

हलक्या चाकांच्या मोहाविषयी एक हिशोब मांडते. तुम्ही १०५ किलो, सायकल ९, पाणी आणि सामान २ असे धरले तर एकूण ११६ किलो होतात. मी सुचवलेल्या चाकांपेक्षा ४०० ग्रॅम हलकी चाके घेतली तर एकूण वजनात सुमारे ०.३५ टक्के फरक पडतो. एका तासाच्या खड्या चढावर तो बारा-तेरा सेकंदांचा होतो. रिमवरचे वजन फिरते असल्यामुळे जास्त मोजावे असे जे सांगतात ते फक्त वेग वाढवतानाच लागू होते आणि तेव्हाही ते दुपटीपलीकडे जात नाही. एवढ्यासाठी मागच्या चाकातले आठ स्पोक (३२ ऐवजी २४) गमावण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

कार्बनविषयी माझे मत ब्रेकवर अवलंबून आहे. तुमच्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे रिमलाच घासून थांबवणारे ब्रेक, असतील तर कार्बन घेऊ नका. ११६ किलो वजन ५०० मीटर खाली आणताना सुमारे ५७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही हवेच्या विरोधात जाते, उरलेली ब्रेकमधून उष्णता होऊन रिममध्ये शिरते, आणि कार्बनच्या रिममध्ये ती उष्णता अ‍ॅल्युमिनियमसारखी पसरत नाही. डिस्क ब्रेक (हबजवळच्या चकतीवर लागणारे) असतील तर चांगल्या कार्बन रिमला माझा विरोध नाही, परंतु डिस्कमुळे ब्रेकचा जोर हबकडून स्पोकमार्फत रिमपर्यंत जातो, म्हणून पुढच्या चाकातही डिस्कच्या बाजूचे स्पोक एकमेकांना ओलांडणारे असावेत. हबपासून सरळ रिमकडे गेलेले चालणार नाहीत.

टायर रुंद घ्या. सायकलच्या फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचे बसत असतील तर तेच. नव्या रुंद रिममधल्या पुष्कळ रिमना टायर पकडणारा आतला ओठ नसतो आणि अशा रिममध्ये ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयपेक्षा जास्त हवा भरायची नसते. फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचेच टायर बसत असेल, तर तुमच्या वजनाला मागच्या टायरमध्ये त्याहून जास्त हवा लागेल. म्हणून ओठ असलेलीच रिम निवडा. ही बाब विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही.

हबविषयी थोडेच सांगते. बेअरिंग सहज मिळणारे आणि बदलता येणारे असावे. फ्रीहबची (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याची) बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सुट्या चकत्यांच्या कॅसेटने तिच्यात खाचा पडतात आणि जोरात पेडल मारणाऱ्या वजनदार स्वाराच्या बाबतीत त्या लवकर पडतात. तिथे पोलादी बॉडी बरी.

वजनाचा काहीच संबंध नाही असे मी म्हणत नाही. भार जास्त असेल तर दर फेऱ्याला उतरणारा ताणही जास्त असतो आणि चुकीच्या बांधणीला वजनदार माणसाखाली क्षमा कमी मिळते. १२५ किलोंच्या पुढे मी मागे ३६ स्पोकच सुचवेन. खड्ड्यावरून जाताना सीटवरून किंचित उठून भार पायांवर घ्यावा, हेही खरे. चांगली बांधलेली २८ स्पोकची चाके, विशेषतः भोके सरकवलेल्या रिमची, १०५ किलोंखाली व्यवस्थित चालताना मी पाहिली आहेत, त्यामुळे ३२ मिळालीच नाहीत तर अडून बसू नका. तुमची सध्याची चाके २८ किंवा ३२ स्पोकची असतील आणि रिमला तडे नसतील, तर नवी घेण्याआधी तीच एकदा ताण मोजून सारखी करून घ्या. कदाचित तेवढ्यानेच काम भागेल.

कारागीर निवडताना त्याला मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचे आकडे दाखवायला सांगा. एकाच बाजूच्या स्पोकमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर काम नीट झाले आहे. तो तुमचे वजन विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, कारण रिम आणि स्पोक त्यावरून ठरतात. चाके बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ती पुन्हा त्याच्याकडे नेऊन ताण तपासून घ्या, कारण नवे स्पोक हबमध्ये आणि निपल रिममध्ये बसताना थोडा ताण उतरतोच.