शाळेत सांगावं की गप बसावं?

"मॅडम, पोराला वाचा-लिहायची अडचण आहे हे शाळेत सांगितलं तर त्याला ढ म्हणून मागच्या बाकावर बसवतील. गप बसलेलं बरं नव्हे?" माझ्याकडे मुलांना तपासायला आणणारे बेळगाव-खानापूरकडचे पालक हमखास विचारतात. गप बसलं तरी मूल मागच्या बाकावर गेलेलंच असतं, हे माझं उत्तर. फक्त त्याला आळशी, हट्टी अशी नावं पडतात. नाहीतर आपल्याकडचं ठरलेलं निदान आहेच, 'कन्नड जड जातंय'.

सातवीतल्या एका मुलाचं असंच झालं. मराठी माध्यम, घरी मराठी, वर सक्तीचं कन्नड. दोन लिप्यांनी गोंधळतोय, यावर घर आणि शाळा दोघांचं एकमत. मी मराठीचीच वही मागवली. मलप्रभा कुठं उगम पावते, विचारल्याबरोबर "कणकुंबीला" म्हणणारा हा पोरगा वहीत तिला 'मपलभा' लिहीत होता, दोन ओळींखाली 'मलपभ्रा'. दोष नुसत्या कन्नडचा असता तर रोजच्या बोलीतली नदी अशी वाकडी झाली नसती. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचता-लिहिताना अडखळणं.

आई शाळेत दोनदा जाऊन रडून आली होती. हेडमास्तर म्हणायचे, "आम्ही बघतोच की, त्यानं मन लावायला नको?" माणूस वाईट नव्हता, पण 'जरा लक्ष द्या' अशा मोघम विनंतीला असंच मोघम उत्तर मिळतं. म्हणून आम्ही एक पानी अर्ज केला. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं उतरवायला छापील प्रत द्यावी, विज्ञानाची उत्तरं तोंडी घ्यावीत, परीक्षेत जादा वेळ आणि कन्नडमधून सूट द्यावी. खाली २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे तिघंही त्यात नावानिशी आहेत. सीमाभागातल्या पालकांनी शेवटचं विशेष लक्षात ठेवावं. अर्जाची एक प्रत क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली, आणि शाळेच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का मागताना आईला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, मागा, त्यात भांडण नाही.

"दहावीला बघू" असंही शाळा म्हणाली. ते ऐकू नका. बोर्डाच्या सवलतीला सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, माझ्यासारखीचा रिपोर्ट पुरत नाही, आणि त्यासाठीचे हेलपाटे दहावीच्या वर्षात झेपत नाहीत. सातवीतच जिल्हा रुग्णालयाची वाट धरलेली बरी.

वर्गशिक्षिकेनं मोठ्यानं वाचायला लावणं लगेच थांबवलं. सहामाहीला जादा वेळही मिळाला. कन्नडमधून सूट देण्याबाबतचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा आईनं स्वतःच स्मरणपत्र दिलं, पोच घेऊन.