फेरीबोट समोर, यंत्र म्हणतं मागे फिर

प्रश्न : मी सेकंडहँड जीपीएस घेतला. मित्राने दिवेआगर ते रत्नागिरी हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रूट जीपीएक्स फाइलमध्ये (जीपीएस यंत्रांत रस्ते द्यायची-घ्यायची फाइल) पाठवला. पण बागमांडल्याला बोटीत चढवायचं सोडून यंत्राने मला आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून फिरवून आणलं. फाइल खराब की यंत्र? आणि मला सापडलेला रस्ता इतरांना नीट कसा पाठवू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोघांनाही दोष देऊ नका. आधी सेटिंगमध्ये 'फेरी टाळा'वर खूण आहे का ते बघा. जुन्या मालकाने करून ठेवली असणार. ती असली की यंत्राच्या लेखी बागमांडल्याला रस्ता संपला, वेसवी पलीकडे समोर दिसत असली तरी.

हा मार मीही खाल्लाय. दाभोळच्या धक्क्यावर बुलेट उभी, बोट लागलेली, धोपाव्याला जायला पंधरा-वीस मिनिटं. स्क्रीनवर मात्र जांभळी रेघ चिपळूणकडे वळलेली आणि 'यू टर्न घ्या' चाललंय. खूण मीच कधीतरी करून ठेवली होती. बोटीवरच्या पोऱ्याने यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "ते बंद करा, तिकीट काढा." केलं.

दुसरी गोष्ट फाइलची. जीपीएक्समध्ये रूट वेगळा, ट्रॅक वेगळा. रूट म्हणजे नाक्यावरच्या माणसाने सांगितलेला पत्ता : केळशी, आंजर्ले, हर्णे, अशी मोजकी ठिकाणं. मधलं अंतर यंत्र आपल्या नकाशाने आणि आपल्या सेटिंगने जोडतं. तुमच्या मित्राचं यंत्र वेगळं, सेटिंग वेगळं, म्हणून रस्ताही वेगळा. ट्रॅक म्हणजे ओल्या वाळूतली पावलं. गाडी जिथून गेली तिथले शेकडो बिंदू. त्यात यंत्र अक्कल चालवत नाही. तेव्हा मित्राकडून ट्रॅक मागवा आणि नकाशावर रेघ म्हणून उघडा ठेवा.

रूट स्वतः आखायचा असेल तर एक ध्यानात ठेवा : सुंदर रस्ता कुठला, हे यंत्राला कळत नाही. त्याला कमी वेळ कळतो, कमी अंतर कळतं. दिवेआगरहून श्रीवर्धन टाकलंत तर ते बोर्ली पंचतनवरून आतून नेईल, आणि शेखाडीचा समुद्राला लागून जाणारा रस्ता तुमचा हुकला. शेखाडीत एक बिंदू टाका, काम झालं. मात्र नकाशा पूर्ण मोठा करून तो रस्त्याच्या मधोमध टाका, आणि फाट्यावर नको, फाट्याच्या पुढे टाका. बिंदू चार हात बाजूच्या वाडीत पडला तर यंत्र तुम्हाला कुणाच्या तरी अंगणात नेतं. सोय असेल तर असे बिंदू 'शेपिंग पॉइंट' करा. त्यांनी रस्ता वळतो, पण यंत्र तिथे थांबा म्हणून मागे लागत नाही. 'वाया पॉइंट' फक्त खरोखर थांबायचं असेल तिथे, म्हणजे बागमांडला, दाभोळ आणि तवसाळचे धक्के. शेवटची बोट किती वाजता, हे यंत्राला विचारू नका, धक्क्यावरच्या चहावाल्याला विचारा.

पाठवताना रूट आणि ट्रॅक दोन्ही पाठवा. ट्रॅकचा पहिला आणि शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर कापा, नाहीतर तुमची गाडी रात्री कुठल्या पार्किंगमध्ये असते ते जगाला कळतं. महिना लिहा. ताम्हिणी जुलैत वेगळा, मेमध्ये वेगळा. आणि वरंध घाट तर पावसाळ्यात दरडींमुळे बंदही ठेवतात.

प्रश्न : मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रोजच्या कामाला मोबाइल पुरतो. पण भर पावसात ओल्या हातमोज्याने मोबाइलला बोट लावून बघा. शिवाय मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं २०२१ मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं. मोबाइलच वापरणार असाल तर थरथर शोषणारा होल्डर घ्या आणि नकाशा घरीच उतरवून ठेवा. खाडीकाठी रेंज कधी गुल होईल नेम नाही.

जाता जाता, चिंचवडकर, ट्रॅक पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. गुहागरात खोली शोधताना मी एकाच आळीला तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि ती फाइल तशीच मित्राला दिली. त्याने तिन्ही फेऱ्या मारल्या.