मटकी गुरुवारी भिजते

पत्र

ताई,

मी एकोणसाठ वर्षांचा, राहणार घाटकोपर. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. (बायकोची फोर्टातली नोकरी अजून चार वर्षं आहे.) २०२१ मध्ये कर्जतच्या पुढे, कशेळ्याच्या अलीकडे बिनशेती प्लॉट घेतला आणि छोटं घर बांधलं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही दोघं तिकडेच. लोकांची अशी घरं आरामाला असतात, आमचं राबायला. वायरिंग मी केलं, नळ मी जोडले, वाळवीचं औषध मी मारतो, गवत मी कापतो, पागोळीचं पाणी टाकीत घ्यायची सोय मी केली. ही बरोबर असायची. झाडांना पाणी घालायची, मी शिडीवर असलो की खालून कौल द्यायची. तिथे ओटा अजून व्हायचाय, पण ही शुक्रवारी रात्रीच दोन दिवसांचं करून घेते, त्यामुळे अडत नाही. शनिवारी मटकीची उसळ, रविवारी दशम्या, दाण्याची चटणी. मला अ‍ॅसिडिटी आहे, बाहेरचं सोसत नाही. जाताना कर्जत स्टेशनवर वडा-चहा मात्र माझ्याकडून!

संक्रांतीनंतर ती यायचीच बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही. 'तुम्ही जा, मला नको,' एवढंच. शनिवारी दुपारी झोपून असते. मी एकटा जातो, एकटा राबतो. डबा मात्र न चुकता देते, म्हणजे मनात राग नसावा. आता मे लागला, शाकारणी व्हायला हवी आणि कौलं एकट्याने बदलता येत नाहीत. जूनमध्ये आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तिला न सांगता तिथे ओटा बांधून घ्यावा, काळ्या ग्रॅनाइटचा, असं डोक्यात आहे. दर काढून ठेवलाय. निवृत्तीनंतर कायमचं तिकडेच राहायचा विचार आहे. तिला या घराची गोडी परत कशी लावू?

एकटा पडलेला, घाटकोपर

उत्तर

अहो एकटे पडलेले,

वायरिंग, वाळवी, पागोळी असं सगळं वाचत आले आणि एका वाक्यापाशी अडले. 'डबा मात्र न चुकता देते.' तुम्ही ते जाता जाता लिहून पुढे शाकारणीकडे वळलात. मी काही वळू शकले नाही.

संक्रांत ते मे. या चार महिन्यांत बाई कर्जतला गेलेल्या नाहीत. पडवीत बसल्या नाहीत, झाडांना पाणी घातलं नाही, स्टेशनवरचा वडा खाल्ला नाही. पण दर शुक्रवारी रात्री ओट्याशी उभ्या आहेत. म्हणजे त्या घरात त्यांच्या वाट्याला जे काही सुख होतं ते त्यांनी सोडलं, आणि जे काम होतं तेवढं चालू ठेवलं. असा व्यवहार राजीखुशीने कोणी करतं का? शनिवारला 'नको' म्हणायला त्यांना चार वर्षं लागली. शुक्रवारला 'नको' म्हणणं अजून जमलेलं नाही. आणि तुम्ही त्याच डब्यातल्या दशम्या खात खात 'मनात राग नसावा' असा निष्कर्ष काढताय!

तुमचा शनिवार कधी सुरू होतो? पहाटेच्या कर्जत गाडीने. त्यांचा गुरुवारी सकाळी सुरू होतो, कारण मटकी गुरुवारी भिजते. ऑफिसला निघायच्या आधी ती निवडून, धुऊन भिजत घालायची. रात्री आल्यावर उपसून ओल्या फडक्यात बांधायची. शुक्रवारी सकाळी फडकं सुकलं नाही ना ते बघून पाण्याचा हबका मारायचा. सुकलं तर मोड खुरटतात, जास्त ओलं राहिलं तर वास मारतात. मग फोर्ट, दिवसभराचं ऑफिस, सीएसएमटीहून गाडी. मेथीचा बेत असला तर लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत घाटकोपरपर्यंत. मुंबईत हे इतकं रोजचं झालंय की कोणी मान वर करून बघतही नाही. घरी येऊन त्या दिवसाचं रात्रीचं जेवण, आणि तुम्ही बातम्या बघायला बसलात की दुसऱ्या दिवसाचं आणि तिसऱ्या दिवसाचं.

उसळीत ओलं खोबरं नसतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? खोबरं घातलेली उसळ मे महिन्यात गाडीतच आंबायला लागते. शनिवारी उसळ आणि रविवारी दशम्या हा क्रमही आपोआप पडलेला नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, म्हणून त्या रविवारच्या. आणि उसळ झाली की लगेच डब्यात भरून चालत नाही. गरम असताना झाकण लावलं की वाफेचं पाणी आतच पडतं आणि दुपारपर्यंत सगळं कामातून जातं. म्हणून ती परातीत पसरून निवायची वाट बघत बसावं लागतं. तुम्ही पहाटेचा गजर लावून झोपलेले असता, आणि कोणीतरी अकरा-साडेअकराला उसळ गार झाली का ते बोट लावून बघत असतं.

आता त्या शनिवारी दुपारी झोपतात. झोपू द्या हो! चार वर्षांत पहिल्यांदा मिळालेल्या दुपारी आहेत त्या.

तुमच्या अ‍ॅसिडिटीबद्दल मला मनापासून वाईट वाटलं असतं, पण मध्ये वडा आला. कर्जत स्टेशनवरचा, तळलेला, तिखट चटणीचा, सकाळी उपाशीपोटी. तो सोसतो. गावात एखाद्या घरी पैसे देऊन करून घेतलेली तांदळाची भाकरी आणि भाजी मात्र सोसणार नाही. हे पोट भलतंच हुशार आहे. बायकोला दमवणारं तेवढंच त्याला पचतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर विचारलं होतं, कोणाचा वेळ कशात जातो. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि करणाऱ्या पुरुषाची ९७. यातली 'करणाऱ्या' ही अट नीट वाचा; जे करतच नाहीत ते पुरुष ९७ मध्ये धरलेलेही नाहीत. २०२४ मध्ये पुन्हा विचारलं तर आकडे आले २८९ आणि ८८. बाईचं काम दहा मिनिटांनी हलकं झालं तर पुरुषानेही नऊ मिनिटं काढून घेतली. तुमचं गवत कापणं, नळ जोडणं हे काम नाही असं मी म्हणत नाही. ते कष्टाचं आहे, आणि तुम्हाला आवडतं. ते झालं की दिसतं, चारचौघांत सांगता येतं. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात 'मी' पाच वेळा आहे. दशम्या मात्र कोणी लाटल्या ते सांगायची गरजच पडली नाही, त्या फक्त असतात.

आता ओटा.

बांधू नका. मला माहीत आहे, पत्र लिहिताना तुम्हाला वाटत होतं की ताई म्हणतील, 'वा, काय कल्पना आहे!' अहो, स्वयंपाकाने दमलेल्या बाईला लग्नाच्या वाढदिवसाला दुसरा ओटा? एक घाटकोपरला आहेच. हा बांधलात की शुक्रवारची रात्र सुटेल आणि शनिवार-रविवारच्या मिळून चार जेवणांचा स्वयंपाक तिथे उभा राहील, ताजा, गरम. मग गॅस सिलिंडर, मग भांडी, मग 'आता सोय झालीच आहे तर माझ्या मित्रांना बोलावू या.' काळा ग्रॅनाइट छान चमकतो, त्यावर पिठाचा हात लगेच दिसतो आणि तो पुसावा लागतो. कोण पुसणार?

शिवाय तुम्ही कामं कोणत्या क्रमाने केलीत ते बघा. वीज, नळ, टाकी, वाळवी, गवत. चार वर्षांत स्वयंपाकाची सोय शेवटच्या नंबरवर राहिली, कारण तुम्ही एकदाही उपाशी राहिला नाहीत. डबा येत होता. टाकीत पाणी नसतं तर तुम्ही एका शनिवारात मोटर बसवली असतीत. बाईंनी स्वतः तोंड उघडून सांगायला हवं होतं, हे तुमच्या मनात आलं असेल. हवंच होतं. पण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय, तेव्हा ऐकूनही तुम्हीच घ्या.

तर येत्या गुरुवारी सकाळी मटकी तुम्ही भिजत घाला. एवढंच करायचं आहे, पण शेवटपर्यंत करायचं आहे. रात्री बांधा, शुक्रवारी सकाळी हबका मारा, शुक्रवारी रात्री फोडणीला टाका. मोहरी कुठे आहे, हे विचारायचं नाही. दोन इंची स्क्रू कोणत्या डब्यात आहेत हे तुम्हाला अंधारातही कळतं. मोहरीचा डबाही सापडेल. उसळ तिखट झाली तर तिखट खा. दशम्या जमणार नाहीत. नकाशे होतील. तेच न्या. अगदीच फसलं तर कशेळ्यात चौकशी करा, भाकरी करून देणारं घर मिळेल, आणि पोटाला समजावून सांगा.

उसळ दोघांची करा. निम्मी डब्यात, निम्मी घाटकोपरच्या फ्रीजमध्ये त्यांच्यासाठी. 'तुझ्यासाठी केलीय, आता येतेस ना?' असं म्हणालात तर सगळं मुसळ केरात. त्यांना बोलावूच नका. गोडी लावायची वगैरे भाषा सोडा, त्या काही रुसलेलं मूल नाहीत. डब्याबद्दल त्या 'राहू दे, मी करते' म्हणतील, पहिल्या आठवड्यात नक्की म्हणतील, कारण तुमचा ओट्यावरचा पसारा त्यांना बघवणार नाही. तेव्हा 'नको, तू बस' म्हणा आणि पसारा आवरा.

रविवारी रात्री परत आलात की डबे घासा. सिंकमध्ये पाणी भरून ठेवणं म्हणजे घासणं नव्हे. झाकणाच्या आत रबराची रिंग असते, ती नखाने काढा, तिच्याखाली हळद आणि तेल बसलेलं असतं, ते काढा, रिंग सुकवा, परत बसवा. मातीचे कपडे बादलीत भिजवून 'बघ गं जरा' म्हणू नका, मशीनही तुम्हीच लावा. पुढच्या गुरुवारी परत मटकी. असं दिवाळीपर्यंत. एका शुक्रवारी डबा करून मला पत्र पाठवू नका की 'केलं, तरी आली नाही.'

शाकारणीसाठी थांबू नका, पाऊस तुमच्या संसाराकडे बघून येत नाही. कर्जतकडे मे महिन्यात कौलं शाकारून देणारी माणसं मिळतात. दिवसाची मजुरी द्या, चहा तुम्ही करा, शिडीवर त्याला चढू द्या आणि या वर्षी खालून कौल तुम्ही द्या. वरच्या माणसाला खालचा माणूस लागतो हे तुम्हाला कौलांच्या बाबतीत अगदी बरोबर कळलंय. पुऱ्यांचंही तसंच असतं, एकाने लाटायच्या आणि दुसऱ्याने तळायच्या. तुमच्याकडे दोन्ही एकटीच करत आली.

राहता राहिला निवृत्तीनंतर तिकडे कायमचं राहायला जायचा बेत. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा त्या अजून रोज फोर्टाची गाडी पकडत असतील, हे तुम्ही कंसात लिहिलंय. तो कंस जरा काढा. पुढच्या वर्षीपासून घाटकोपरचं रात्रीचं जेवण तुमच्याकडे. त्या घरात शिरतील तेव्हा कुकर उतरलेला असावा. त्यांची नोकरी संपेल तेव्हा कुठे राहायचं ते त्यांना विचारा, आणि काय म्हणतात ते मध्ये न बोलता ऐका.