‘तुमतुम’ आणि ‘अँड्रोगिनोस’ यांना मराठीत काय म्हणावे?

ज्यू धर्मग्रंथांतील ‘तुमतुम’ व ‘अँड्रोगिनोस’ या दोन्ही शब्दांसाठी ‘तृतीयपंथी’ चालेल का, आणि क्वीअर, म्हणजे लिंग-लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, ज्यूंना या शब्दांचा आधार का वाटतो, असा प्रश्न आहे.

‘तृतीयपंथी’ चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो शब्द उच्चारताच आपल्याकडचा एक समाज आणि त्यातली गुरू-चेल्यांची परंपरा डोळ्यांसमोर येते. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात मात्र चर्चा शरीराची आहे. तुमतुम म्हणजे जननेंद्रिय झाकलेले असल्यामुळे जिचे लिंग ठरवता येत नाही अशी व्यक्ती. तिला ‘अव्यक्तलिंगी’ म्हणता येईल. अँड्रोगिनोस हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्या व्यक्तीत स्त्री-पुरुष दोहोंची लक्षणे असतात. ‘उभयलिंगी’ इथे नेमका बसला असता, परंतु हल्ली तो बायसेक्शुअल या अर्थानेही रूढ होत असल्यामुळे मूळ शब्दच ठेवून अर्थ सांगणे बरे.

मिश्नाच्या बिक्कुरीम या भागाच्या चौथ्या अध्यायात अँड्रोगिनोस काही बाबतींत पुरुषांसारखा, काहींत स्त्रियांसारखा, काहींत दोघांसारखा आणि काहींत कोणासारखाच नाही, असे म्हटले आहे. त्याला इजा करणाऱ्यावर, स्त्री किंवा पुरुषाला इजा केल्यावर येते तशीच जबाबदारी येते. पुढे रब्बी (ज्यू धर्मपंडित) योसे यांचे मत येते: अँड्रोगिनोस ही ‘ब्रिया बिफ्ने अत्स्मा’, म्हणजे स्वतंत्र निर्मिती, आहे. ‘ब्रिया’ (निर्मिती) हा शब्द ‘बारा’ (निर्माण करणे) या हिब्रू धातूपासून आला आहे, आणि देवाने मनुष्य आपल्या प्रतिमेत निर्माण केला हे सांगताना बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील 27व्या वचनात हेच क्रियापद तीनदा येते. मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदच्या येवामोत भागात तर रब्बी अम्मी अब्राहाम व सारा हे दोघेही तुमतुम होते असे सांगतात, म्हणजे कुळाच्या मूळपुरुषालाच आणि मूळमातेलाच हा शब्द लागतो.

त्या पंडितांपुढे प्रश्न धर्मविधींचा होता, आजच्या अर्थाने लैंगिक ओळखीचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. तरीही 2006 मध्ये हिब्रू युनियन कॉलेजमधून रब्बी झालेल्या एलियट कुक्ला या ट्रान्स व्यक्तीने याच परंपरेतून आधार घेतला, आणि तो मला ओढूनताणून आणलेला वाटत नाही. कारण रब्बी योसे अँड्रोगिनोसला दोन ठरीव साच्यांपैकी एकात बसवण्याचा आग्रहच सोडून देतात. म्हणूनच त्यांच्या शब्दांचे भाषांतर ‘वेगळा प्रकार’ असे न करता ‘स्वतंत्र निर्मिती’ असे करावे. ‘प्रकार’ म्हटले की निर्मात्याचा संबंध तुटतो.